भेंडीला तार सुटू द्या!

मंडळी, आजचा विषय भेंडी. हो, भेंडीच. खरं तर मागच्याच वीकेंडला लिहायचं होतं, पण रिलीज आली आणि सगळा शनिवार त्यात गेला. एका अर्थी बरंच झालं. तोवर डोकं जरा थंड झालं आणि नुसत्या चिडचिडीऐवजी चार मुद्दे हाताशी आले.

तर झालं असं. आमच्या टीममध्ये एक जण बार्बाडोसचा आहे, ब्रिजटाउनमधून काम करतो. आपली संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. एका शुक्रवारी कॉल संपता संपता मी उगाच विचारलं, आज जेवायला काय? तो म्हणाला, "शुक्रवार आहे ना, कुकू." मला आधी 'कुंकू'च ऐकू आलं! मग त्याने नीट सांगितलं. कुकू म्हणजे मक्याचा रवा आणि भेंडी एकत्र हाटून केलेला मऊसूत गोळा. शेजारी टोमॅटो-कांद्याच्या रश्श्यातला उडता मासा. हे दोन्ही मिळून बार्बाडोसचा राष्ट्रीय पदार्थ होतो. उडत्या माशाचं तर त्यांना इतकं प्रेम की तो तिथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे.

आपल्याला बार्बाडोस माहीत असतं ते क्रिकेटमुळे. सोबर्स, मार्शल, गार्नर, आणि आता २९ जून २०२४. त्या दिवशी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकला आणि अर्धं पुणं रस्त्यावर नाचलं, मीही नाचलो. ज्या गावात आपण जिंकलो तिथले लोक जेवतात काय, हा प्रश्न मात्र मला त्या दिवशी पडला नव्हता. असो.

मग मी घरी कुकू करायला घेतलं. पहिल्या खेपेला फसलं, दुसऱ्या खेपेला फसलं, तिसऱ्यांदा जमलं. खुशीत फोटो काढून मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत प्रतिक्रिया सुरू :

"अरे, हा तर पिवळा उपमा!"
"पोलेंटा म्हणतात याला, आम्ही मिलानला खाल्लाय."
"भेंडीची तार काढून कर रे, हे बुळबुळीत कोण खाणार?"
"वरून चीज आणि चिली फ्लेक्स मार, मग जमेल."

एकानेही पदार्थ खाल्ला नव्हता. एकानेही विचारलं नाही की बाबा, यात भेंडी का घालतात? पण सुधारणा मात्र प्रत्येकाकडे तयार. माझं म्हणणं एवढंच आहे की हा सुधारणेचा सोस आपल्याला वाटतो तितका निरागस नाही. पटतंय का बघा.

आधी माझीच लक्तरं वेशीवर टांगतो. पहिल्या खेपेला मी दुकानात जाऊन 'कॉर्नफ्लोअर' आणलं. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पांढरं स्टार्च, सूप दाट करायला वापरतात ते. त्याची झाली खळ. पोस्टर चिकटवायला उत्तम! पाहिजे असतो तो मक्याचा बारीक रवा, पिवळा, हाताला किंचित खरखरीत लागणारा. रोटीचं मक्याचं पीठही चालत नाही, ते फारच बारीक असतं.

दुसऱ्या खेपेला रवा बरोबर आणला, पण भेंडी मी आईच्या पद्धतीने केली. म्हणजे धुऊन, फडक्याने कोरडी पुसून, चिरून, तव्यावर परतून, वर आमसूल टाकून, तार पार मारून. मग ती रव्यात घातली. झालं काय? रव्याच्या गुठळ्या, पातेल्याच्या बुडाला खरपुडी आणि वर भेंडीचे तुकडे पाहुण्यांसारखे अवघडून बसलेले. मी मनात म्हटलं, या पदार्थातच काही दम नाही.

दम नव्हता तो माझ्या डोक्यात. कुकूमध्ये भेंडी ही भाजी म्हणून येतच नाही. ती येते तिच्या तारेसाठी! भेंडी पाण्यात उकळतात, ते पाणी चिकट आणि दाटसर होतं, आणि रवा शिजवायचा तो त्याच पाण्यात. त्या बुळबुळीत पाण्यामुळे रव्याचे कण एकमेकांना धरून गुठळी करत नाहीत, गोळा पातेल्याच्या कडा सोडून सुटा होतो आणि आतून ओलसर राहतो. मी नेमकी तीच गोष्ट आमसूल लावून मारून टाकली होती. (आंबट घातलं की भेंडीचा चिकटपणा कमी होतो. आपल्या आया-आज्यांना हे रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. भाजीसाठी ते अगदी बरोबर आहे. इथे तेच ज्ञान चुकीच्या जागी लागलं.)

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका जुन्या मोड्यूलमधली 'फालतू' दिसणारी एक ओळ उडवली होती. दोन सेकंद थांबणारी ओळ. म्हटलं, कुठल्या बावळटाने लिहिलीये? रात्री दोन वाजता फोन आला तेव्हा कळलं की पलीकडची सिस्टीम तेवढा वेळ घेतल्याशिवाय उत्तरच देत नाही. तो बावळट त्या सिस्टीमसमोर रात्री जागलेला होता, मी नव्हतो. भेंडीची तार ही ती ओळ आहे. ती तिथे का आहे हे कळेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आता नीट कृती सांगतो, म्हणजे भांडायला तरी अर्थ राहील. चार जणांसाठी मक्याचा बारीक रवा दोन वाट्या, कोवळ्या भेंड्या आठ-दहा, पाणी, मीठ, लोणी. रवा दोन वाट्या गार पाण्यात भिजवून ठेवा. ही पायरी गाळू नका. कोरडा रवा उकळत्या पाण्यात पडला की बाहेरचं स्टार्च लगेच फुगतं आणि आत कोरडं पीठ अडकतं, त्यालाच आपण गुठळी म्हणतो. पिठलं करताना पीठ वैरणाऱ्याचा हात का लागतो, ते इथे समजतं. दुसरीकडे चार वाट्या पाण्यात भेंडीच्या चकत्या, थोडा कांदा आणि मीठ घालून आठ-दहा मिनिटं उकळा. भेंडी गाळून बाजूला ठेवा. पाणी फेकलंत तर पदार्थच फेकलात!

मग जाड बुडाच्या पातेल्यात भिजवलेला रवा आणि थोडं भेंडीचं पाणी, आच मंद. आणि हाटायचं. पाणी आटलं की अजून थोडं पाणी, पुन्हा हाटायचं. तिकडे यासाठी खास लाकडी चपटी काठी असते, कुकू स्टिक, दिसायला थेट लहान मुलाच्या क्रिकेट बॅटसारखी. आपल्याकडे लाकडी उलथन्याने भागतं. पंधरा-वीस मिनिटांत दंड भरून येतात (जिमचे पैसे वाचले). गोळा कडा सोडायला लागला की शिजलेली भेंडी घाला, एक वाफ आणा. मग वाडग्याला आतून लोणी चोपडून त्यात गोळा फिरवायचा आणि ताटात पालथा घालायचा. छान घुमट होतो. घुमटाला मधे चमच्याने खळगा करून त्यात रस्सा.

रश्श्यात कांदा, टोमॅटो, लसूण, ढोबळी मिरची, थाइम, लोणी, लिंबू आणि झणझणीत मिरची. त्यात काटे काढलेल्या माशाच्या गुंडाळ्या वाफवायच्या. पुण्यात उडता मासा मिळाला नाही, मी बांगडा घातला. मासे न खाणाऱ्यांनी नुसता रस्सा घ्यावा, काही बिघडत नाही.

"बघ, तूही बदल केलासच की!" थांबा, त्या मुद्द्यावर येतोय.

आधी 'पोलेंटाच की' वाल्यांकडे वळू. दिसायला जवळचे आहेत, मान्य. पण गंमत बघा. पोलेंटा हे उत्तर इटलीतल्या अगदी गरीब शेतकऱ्यांचं खाणं होतं. इतक्या गरिबांचं, की दुसरं काही पानात नसल्यामुळे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या त्या लोकांना पेलाग्रा व्हायचा. नायसिनच्या अभावाने होणारा रोग हा, कातडी सोलवटते, पुढे बुद्धीवर परिणाम होतो. आज तोच पोलेंटा मोठ्या हॉटेलात चांदीच्या चमच्याने येतो आणि आपण मिलानच्या आठवणी सांगतो. म्हणजे मक्याचा गोळा युरोपातून आला की 'क्लासिक', आणि कॅरिबियनमधून आला की 'तो तर पोलेंटाच, फक्त चिकट'. मूळ कोण आणि नक्कल कोण, हे ठरवलं कुणी? मका मुळात अमेरिकेचा. इटलीला तो कोलंबसनंतरच पोचला. 'मेझ' हा शब्दच कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या भाषेतून आलेला आहे. तेव्हा वडीलकीचा मान द्यायचाच असेल तर जरा विचार करून द्यावा.

आणि भेंडी? ती त्या बेटांवर गेली आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांच्या वाटेने. इंग्रजीतला 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला. अँटिग्वात या पदार्थाला फून्जी म्हणतात, तिथला तो राष्ट्रीय पदार्थ, सोबत पेपरपॉट. व्हर्जिन बेटांवर फुंगी, कुरासावमध्ये भेंडीशिवाय करतात ती फुंची. आणि अंगोलात आजही कसाव्याच्या किंवा मक्याच्या पिठाच्या गोळ्याला फुंजे म्हणतात. समुद्र ओलांडताना माणसांची नावं बदलली गेली, भाषा तोडल्या गेल्या, पण पातेल्यातल्या गोळ्याचं नाव टिकलं. हे वाचल्यावर 'नावात काय आहे' म्हणायची माझी तरी छाती होत नाही.

थोडा इतिहास अजून, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. बार्बाडोस म्हणजे जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं बेट. इंग्रज तिथे १६२७ साली वसले, १६४०च्या दशकात ऊस आला, आणि उसासाठी आफ्रिकेतून माणसं धरून आणली. १६६१ साली या माणसांना मालमत्ता ठरवणारा कायदाच तिथे झाला. मळेवाले या लोकांना जगण्यापुरतं धान्य मोजून द्यायचे, मका, ज्वारी, खारवलेले मासे. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईने त्या मोजून मिळालेल्या भरड धान्यात परसातली भेंडी घातली आणि त्याचं जेवण केलं. १ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने गुलामी संपली, प्रत्यक्ष सुटका व्हायला १८३८ उजाडलं. ३० नोव्हेंबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला, २०२१ मध्ये प्रजासत्ताक झाला. आणि त्या देशाने राष्ट्रीय पदार्थ म्हणून निवडलं काय? मळेवाल्याच्या टेबलावरचा रोस्ट नाही. रेशनच्या धान्याचा हा गोळा!

मला यात जे दिसतं ते सांगतो. ज्याची लाज वाटावी अशी व्यवस्था होती, ते खाणं त्यांनी लपवलं नाही. ताटाच्या मध्यभागी पालथं घातलं, घुमट करून.

आता माझ्या आजीची गोष्ट. तिचं माहेर बार्शीकडचं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलोच्या भाकरी तिने थापलेल्या. ती लाल मिलो ज्वारी म्हणजे अमेरिकेत जनावरांना घालतात, असं त्या पिढीतले सगळेच सांगत. पण आजी ते कधी सांगायची नाही. मी लहान असताना ती संध्याकाळी ज्वारीच्या कण्या शिजवायची, ताक घालून खायला. मला त्या प्रचंड आवडायच्या. पण दारात कुणी आलं, की आजी आधी पातेल्यावर झाकण ठेवायची आणि मग दार उघडायची. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, काय शिजतंय? आजी म्हणाली, "काही नाही, पोराला खीर." कण्यांना खीर म्हणाली ती. मला हसू आलं होतं. आज येत नाही.

आजी गेली. कण्या नक्की कशा करायची, किती भरडायची, पाण्याचं प्रमाण काय, कधी हाटायची, कधी झाकायची, हे घरात कुणालाही सांगता येत नाही. आईला विचारलं तर म्हणते, "अगं बाई, ते काय शिकायचं असतं का!" बरोबर आहे. लपवलेली गोष्ट शिकवणार कोण? आणि आता दुकानात 'मिलेट ब्रोकन, हाय फायबर' असं छापलेलं पाकीट तिप्पट भावाला मिळतं, ते आपण ॲव्होकॅडो घालून खातो. म्हणजे गरिबाचं खाणं आधी लाज म्हणून टाकायचं, मग 'सुधारून' परत विकत घ्यायचं. मधल्या काळात ते करणाऱ्या बाईचं नाव आणि हात दोन्ही गायब.

म्हणून म्हणतो, 'तार काढून कर', 'चीज मार' हे मला चवीचे सल्ले वाटत नाहीत. खाल्ल्यावर दिला असता तर चवीचा सल्ला मानला असता. न खाता दिलेला सल्ला म्हणजे आजीचं झाकणच. फक्त ते आता दुसऱ्याच्या पातेल्यावर ठेवायचं.

आता हरकतींकडे. सगळ्यात तगडी हरकत अशी की कुठलाही पदार्थ शुद्ध नसतो, कुकू स्वतःच सरमिसळ आहे. एकदम कबूल! मका अमेरिकेचा, भेंडी आफ्रिकेतून आलेली, लोणी इंग्रजी वळणाचं. आपली उपासाची साबुदाणा खिचडी घ्या ना. साबुदाणा ज्याचा करतात तो कसावा, शेंगदाणे, मिरची, बटाटा, चारही अमेरिकेचे. आपल्या सगळ्यात सोवळ्या पदार्थात देशी काय, तर तूप! आणि कुकू तर तिकडेही बदलत असतं. बार्बाडोसमध्येच ब्रेडफ्रूटचं, कच्च्या केळ्याचं कुकू करतात. त्रिनिदादमध्ये नारळाचं दूध घालतात, आणि रविवारी कालालूबरोबर वाढतात.

मग माझा विरोध कशाला? बदलाला नाहीच. प्रश्न आहे तो बदल पातेल्यापाशी उभं राहून केला की लांबून. मका संपला म्हणून केळं घालणाऱ्या बाईला ठाऊक असतं की गोळा कशाने धरतो. ती अडचणीतून बदल करते, पदार्थ समजून करते. मी बांगडा घातला तो उडता मासा मिळाला नाही म्हणून, त्याला नावं ठेवून नाही. पण तार किळसवाणी म्हणून काढणारा मी, दुसऱ्या खेपेचा, मी काहीच सुधारलं नव्हतं. मी फक्त न समजलेली गोष्ट कापली होती आणि वर दोष पदार्थाला दिला होता.

दुसरी हरकत : "आम्हाला तो बुळबुळीतपणा खरंच आवडत नाही, जबरदस्ती आहे का?" अजिबात नाही. न आवडणं हा तुमचा हक्क आहे. खाऊन बघा आणि म्हणा, नाही आवडलं. त्यात कुणाचा अपमान नाही. (खरं सांगायचं तर नीट हाटलेल्या कुकूत तार जाणवतही नाही, सगळी रव्यात जिरते. पण हे कळायला एकदा नीट हाटावं लागतं.)

तिसरी हरकत माझी माझ्यावरच. पुण्यात बसून शनिवारी हौसेने कुकू करणारा मी, मला या इतिहासावर बोलायचा काय अधिकार? फारसा नाही. म्हणूनच तिसऱ्या खेपेआधी मी ब्रिजटाउनच्या त्या मित्राला सरळ विचारलं, माझं काय चुकतंय? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भेंडीचं पाणी कुठे गेलं?" मी म्हटलं, पाणी नव्हतंच, मी परतून घेतली. तो इतका हसला की त्याला कॅमेरा बंद करावा लागला. मग म्हणाला, त्याच्या आजीने त्याला काठी हातात दिली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि पहिलं वर्षभर तिने त्याला फक्त हाटू दिलं, मीठसुद्धा घालू दिलं नाही.

वर्षभर नुसतं हाटणं! आणि आपल्याला पाच मिनिटांत चीज घालायचंय.

तर माझा नियम साधा आहे, आणि तो कुकूपुरता नाही. दुसऱ्याचा कुठलाही पदार्थ पहिल्यांदा करायचा तर तो जसा आहे तसा करायचा. त्याच्या नावाने, त्याच्या पद्धतीने, ज्याला येतं त्याला विचारून. दुसऱ्यांदा काय हवं ते घाला, मी अडवणार नाही. पहिली खेप त्यांची, दुसरी तुमची.

आज संध्याकाळी आईकडे जाणार आहे, ज्वारी भरडून घेतलीये. तिला म्हटलंय, जेवढं आठवतंय तेवढं सांग, मी हाटतो. बिघडेल बहुतेक. पण दारावरची बेल वाजली तर पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही, एवढं मात्र ठरलंय.